दुसऱ्या बोटाचं वावडं

मोबाइलवर एखादी वेबसाइट उघडावी, अक्षर बारीक वाटलं म्हणून दोन बोटं पडद्यावर ठेवून फाकवावीत, आणि पान ढिम्म हलू नये, हा अनुभव आता प्रत्येकाला आलेला आहे. लोकांना वाटतं फोन बिघडला, नाहीतर आपल्यालाच जमत नाही. तसं काही नसतं. कुणीतरी पगार घेणाऱ्या माणसानं पानाच्या माथ्यावर एक ओळ लिहून तुमचं दुसरं बोट बाद केलेलं असतं. व्ह्यूपोर्ट नावाच्या मेटा टॅगमधले ते शब्द म्हणजे ‘युझर-स्केलेबल=नो’, आणि त्यांचा जोडीदार ‘मॅक्झिमम-स्केल=१’. मी वेब-ॲप बांधण्याचं काम करतो. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासणं हा माझ्या कामाचा रोजचा भाग आहे. ही ओळ मला इतक्या ठिकाणी भेटते की तिला चूक म्हणणं मी सोडून दिलं आहे. चूक नकळत होते. ही बेपर्वाई आहे, आणि ती वर्षानुवर्षं एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात उचलून चिकटवली जाते आहे.

चाळिशी लागलेल्याला झूम लागतो. मोतीबिंदूवाल्याला लागतो. भर उन्हात एसटीची वाट बघत फोन चाळणाऱ्याला लागतो. मराठी वाचणाऱ्याला तर जास्तच लागतो, हे मराठी वेबसाइटी बनवणाऱ्यांच्याही डोक्यात शिरत नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, मधे ‘ष्ट्र’ आणि ‘क्ष्म’सारखी दाटीवाटीची जोडाक्षरं. चौदा पिक्सेलांच्या उंचीत हे सगळं कोंबलं की अनुस्वार आहे की नाही हे अंदाजानंच ठरवावं लागतं. डिझाइन करणारा अक्षराचा आकार ठरवतो तो इंग्रजी मजकूर समोर ठेवून. मग त्याच चौकटीत मराठी ओतलं जातं, ते वाचता येतंय का हे कुणी बघत नाही, आणि वर झूमही बंद करून टाकतात. दारावर माणसाचा चष्मा काढून घ्यायचा आणि आत गेल्यावर त्याच्या हातात सही करायला कागद द्यायचा, तसला हा प्रकार आहे.

माझ्या मावशीची एका पतसंस्थेत ठेव आहे. पतसंस्थेनं मोठ्या हौसेनं सभासदांसाठी मोबाइलवर चालणारी वेबसाइट करून घेतली. ठेवीची मुदत कधी संपते हे मावशीला बघायचं होतं. तारीख ११ आहे की १९, हे तिला त्या बारीक देवनागरी आकड्यांत काही केल्या ओळखू येईना. तिनं फोन जवळ नेला, लांब धरला, बोटं फाकवून पाहिली. शेवटी तिनं पानाचा स्क्रीनशॉट घेतला, फोनच्या गॅलरीत गेली, आणि तिथं तो फोटो दोन बोटांनी मोठा करून तारीख वाचली. फोन तोच, पडदा तोच, बोटंही तीच. गॅलरीत जे क्षणात झालं ते वेबसाइटवर होऊ शकलं नाही, कारण ते होऊ नये अशी कुणीतरी तजवीज केली होती. तुमच्या घरातही कुणीतरी असंच स्क्रीनशॉट काढून वेबसाइटी वाचत असेल, एकदा विचारून बघा.

ही ओळ आली कुठून, हे सांगणं भाग आहे, कारण तिची बाजू घेणारे आजही तीच जुनी कारणं पुढे करतात.

जानेवारी २००७ मध्ये आयफोन जाहीर झाला तेव्हा जगातल्या वेबसाइटी संगणकाच्या रुंद पडद्यासाठी लिहिलेल्या होत्या. फोनमधला सफारी ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून ते आक्रसून दाखवायचा, आणि वाचायला हव्या त्या जागी दोनदा टिचकी मारली की तेवढा भाग मोठा व्हायचा. सोय उत्तम होती. पण तिची एक किंमत होती. एक टिचकी पडली की दुसरी पडते आहे का, याची वाट ब्राउझरला सुमारे ३०० मिलिसेकंद बघावी लागायची. त्यामुळे प्रत्येक बटण सुस्त वाटायचं. पुढे अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये असं लक्षात आलं की झूमच बंद केला तर ही वाट बघणंही बंद होतं. झालं! सगळ्यांनी झूम बंद केला. त्या काळात ‘फायनान्शियल टाइम्स’च्या तंत्रज्ञांनी झूमला हात न लावता हा उशीर टाळणारी फास्टक्लिक नावाची लायब्ररी लिहून सगळ्यांना फुकट दिली होती. मार्ग होता, तो वापरणारेही पुष्कळ होते. तरी टॅगमध्ये दोन शब्द टाकून मोकळं होणं अनेकांना जास्त सोपं वाटलं.

२०१४ च्या सुरुवातीला क्रोमची ३२ वी आवृत्ती आली. फोनच्या रुंदीत बसेल असं पान लिहिलं असेल तर तिथं हा उशीर राहिला नाही, झूम चालू असतानासुद्धा. २०१६ च्या मार्चमध्ये आयओएस ९.३ मध्ये सफारीनंही तेच केलं. म्हणजे ते कारण २०१६ मध्येच संपलं. ज्या पोरांनी तो उशीर कधी अनुभवलेलाच नाही ती आज तीच ओळ प्रत्येक नव्या प्रोजेक्टमध्ये टाकतात, आणि का टाकली म्हणून विचारलं तर “टेम्प्लेटमध्ये होती, सर” म्हणतात. याला आमच्याकडे पाट्या टाकणं म्हणतात.

दुसरं कारण सांगतात ते आयफोनवरच्या फॉर्मचं. रकान्यात बोट ठेवलं की पान आपोआप मोठं होतं, ते क्लायंटला आवडत नाही, म्हणून झूम बंद. सफारी तसं करतो हे खरं. रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलांपेक्षा लहान असलं तरच करतो, हेही तितकंच खरं. म्हणजे ब्राउझर तुम्हाला सांगतो आहे की बाबा, तुझं अक्षर वाचता येण्यासारखं नाही. त्यावर अक्षर १६ पिक्सेलांचं करायचं सोडून ज्याला ते वाचता येत नाही त्याचेच हात बांधायचे? सीएसएसमधल्या एका आकड्याचं काम आहे ते.

तिसरं कारण तर निव्वळ अज्ञान आहे. “झूम केला की लेआउट बिघडतो.” दोन बोटांनी केलेल्या झूममध्ये पानाची मांडणी बदलत नाही. मांडलेलं पान तसंच राहतं आणि त्यातला जो तुकडा पडद्यावर दिसतो तो मोठा होतो. पडद्याला चिकटून राहणारी पट्टी, तरंगणारं चॅटचं गोल बटण असल्या गोष्टी तेवढ्या आडव्या येतात. त्या तुम्हीच डोक्यावर बसवलेल्या असतात, वाचणाऱ्यानं मागितलेल्या नसतात.

ॲपलनं सप्टेंबर २०१६ मध्ये आयओएस १० आणलं आणि सफारीनं ही बंदी मानणंच सोडून दिलं. तुम्ही काहीही लिहा, माणसानं दोन बोटं फाकवली तर पान मोठं होणार. माझ्या धंद्यातल्या लोकांनी यातून शहाणं व्हायला हवं होतं. त्यांनी काय केलं? सफारी दोन बोटं ठेवल्यावर ‘जेश्चर-स्टार्ट’ नावाचा एक इव्हेंट पाठवतो, तो पकडून त्याचाच गळा आवळला. ‘प्रिव्हेंट-डिफॉल्ट’, म्हणजे ब्राउझर जे करणार होता ते करू देऊ नकोस. ब्राउझर बनवणाऱ्यांनी अंधुक दिसणाऱ्यांना दिलेला हक्क कोडची आडवाट काढून परत हिसकावणाऱ्या या युक्त्या प्रश्नोत्तरांच्या साइटींवर ‘उपाय’ म्हणून मिरवतात आणि त्यांना भरभरून मतं पडतात. क्रोमनं अँड्रॉइडवर ‘झूम सक्तीनं चालू करा’ अशी सोय दिली आहे खरी, पण ती सेटिंगच्या आत ॲक्सेसिबिलिटीच्या कप्प्यात. ज्याला तिची गरज आहे त्यानं आधी ती बारीक अक्षरांची यादी वाचत तिथवर पोचायचं. आणि कुठल्याही ॲपच्या पोटात उघडणाऱ्या वेबपानांना आयफोनवर ती जुनी बंदी, ॲपवाल्यानं मुद्दाम उठवली नाही तर, आजही लागू होते. विम्याची कागदपत्रं, कर्जाच्या अटी अशा ठिकाणी नेमक्या उघडतात.

काही जण ही ओळ काढतात आणि हात झटकतात. पण झूम मारायच्या आणखी वाटा आहेत, आणि त्या जास्त चोरट्या आहेत. बाजूला सरकवायच्या फोटोंची पट्टी घ्या. बनवणाऱ्याला आडवं सरकवणं स्वतःच्या हातात हवं असतं, उभं सरकवणं ब्राउझरवर सोडायचं असतं. म्हणून तो ‘टच-ॲक्शन: पॅन-वाय’ लिहितो. त्याचा अर्थ ब्राउझर असा घेतो की उभ्या सरकण्याखेरीज आपण काहीच करायचं नाही. त्यात झूमही गेला. साडीचा पोत, चपलेची शिवण, घराचा नकाशा, जे मोठं करून बघायचं तिथंच झूम बंद. ‘पॅन-वाय’च्या पुढे ‘पिंच-झूम’ एवढा एक शब्द लिहिला की तो परत येतो. लिहिणारे मला क्वचित भेटतात.

आता जिथं ॲपनं बोटं स्वतः सांभाळायलाच हवीत, तिकडे वळतो. नकाशा, चित्र काढायची पाटी, फोटो कापायची चौकट, मुलांचे खेळ. इथं ब्राउझरच्या झूमला थांबवून स्वतःचा झूम द्यावा लागतो, हे मला मान्य आहे. पण हातात घेतलंत तर नीट सांभाळा. इथला कोड उघडला की दहापैकी आठ वेळा, असं मी म्हणेन, ‘टचेस’ या पडद्यावरच्या स्पर्शांच्या यादीतला शून्यावा, म्हणजे पहिला स्पर्श उचललेला दिसतो आणि बाकीचे आहेत याची दखलच नसते.

त्यातून काय होतं ते बघा. अंगठा पडद्यावर डावीकडून १०० पिक्सेलांवर आहे, तर्जनी ३०० वर. तुम्ही नकाशा मोठा केलात आणि दोन्ही बोटं उचललीत. माणसाची दोन बोटं एकाच क्षणी कधीच उचलली जात नाहीत. अंगठा आधी उठला. यादीतला पहिला स्पर्श आता तर्जनीचा झाला. कोडला वाटतं तेच बोट १०० वरून ३०० वर गेलं, आणि नकाशा २०० पिक्सेल उडी मारतो. तुम्ही पुण्यातलं डेक्कन बघत होतात, आता भलतीकडेच. हा बग तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे आणि “माझंच बोट घसरलं असेल” म्हणून स्वतःला दोष दिला आहे. दोष तुमचा नव्हता. प्रत्येक स्पर्शाला ब्राउझर एक ओळख क्रमांक देतो. तो धरून ठेवायचा, आणि बोटांची संख्या बदलली की मोजायची सुरुवात नव्यानं करायची, एवढंच करायचं होतं. तो क्रमांक वापरणारेही पुष्कळदा तो यादीतली जागा समजून वापरतात, कारण क्रोममध्ये तो शून्यापासून सुरू होताना दिसतो. आयफोनवर तो भलामोठा आकडा असतो आणि कोड तोंडघशी पडतो.

फोन धरलेल्या हाताच्या अंगठ्याचं मूळ कडेला टेकलेलं असतं, चित्र काढणाऱ्या मुलाचा तळवा पाटीवर टेकलेला असतो, पावसाळ्यात पडद्यावर पडलेला थेंबही कधीकधी स्पर्श म्हणून नोंदला जातो. यातलं काहीही आधी पोचलं की पहिला स्पर्श तोच, आणि खऱ्या बोटाला कुणी विचारत नाही. मधेच फोन आला किंवा सूचनांचा पडदा खाली ओढला गेला की ब्राउझर स्पर्श संपल्याचं सांगत नाही, रद्द झाल्याचं सांगतो. ‘टच-कॅन्सल’ हा निराळा इव्हेंट आहे. तो न हाताळल्यामुळे ओढता ओढता अधांतरी अडकलेली कार्डं मी किती वेबसाइटींवर पाहिली असतील, त्याची गणती नाही. अजून एक खाचखळगा: स्पर्श ज्या घटकावर सुरू झाला त्यालाच शेवटपर्यंत बांधलेला असतो. ओढत असताना तुमच्या फ्रेमवर्कनं यादी नव्यानं रंगवून तो घटक पानावरून काढून टाकला, तर त्या बोटाच्या पुढच्या हालचाली वरपर्यंत पोचतच नाहीत. बोट हलतं आहे आणि ॲपला पत्ताच नाही. टेस्टिंगवाल्यांना हे सापडत नाही, कारण ते संगणकावर, माउसनं, एकाच बोटाचा देखावा करून तपासतात. लॅपटॉपवर बसून फोनचं ॲप पास करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

हे सगळं अवघड आहे म्हणून सूट मागणाऱ्यांना मी थोडा इतिहास ऐकवतो. एकाहून जास्त बोटं ओळखणारी यंत्रणा टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ मध्ये बांधली, धुरकट काचेमागे कॅमेरा लावून. वेबवर या गोष्टीला उशीर झाला आणि त्याचं पाप मोठ्या कंपन्यांचं आहे, हे मी नाकारत नाही. ॲपलनं आपले टच इव्हेंट आणले, मग डिसेंबर २०११ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीला आपल्या पेटंटांची यादी देऊन ती फुकट वापरू देणार नाही असं कळवलं, आणि प्रमाणीकरण रखडलं. मायक्रोसॉफ्टनं बोट, माउस आणि लेखणी यांना एकाच पद्धतीनं हाताळणारे पॉइंटर इव्हेंट पुढे आणले. गूगलनं २०१४ मध्ये ते घेणार नाही म्हणून सांगितलं आणि पुढच्याच वर्षी घूमजाव केलं. या हाणामारीत आमच्यासारख्यांनी प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिली. पण २०१९ मध्ये सफारीच्या १३ व्या आवृत्तीत पॉइंटर इव्हेंट आले आणि सगळे प्रमुख ब्राउझर एका रांगेत बसले. त्यात प्रत्येक बोटाचा क्रमांक वेगळा, पहिलं बोट कोणतं याची खूण वेगळी, बोट घटकाबाहेर गेलं तरी त्याला धरून ठेवायची सोय आहे. २०१९ नंतर सबबी सांगणाऱ्यांचं मी ऐकून घेत नाही.

आणि दोन बोटं न वापरू शकणाऱ्यांचं काय? एक हात अधू असलेला माणूस सोडा, सकाळी ८.४० च्या लोकलमध्ये एका हातानं कडी धरून उभा असलेला धडधाकट माणूसही त्या वेळी एका अंगठ्याचाच धनी असतो. नकाशावरची अधिक-उण्याची बटणं ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून काढून टाकणारे डिझायनर त्याला काय सांगणार, हात सोड म्हणून? वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीच्या जून २०१८ च्या २.१ आवृत्तीत स्वच्छ लिहिलं आहे की जे काही अनेक बोटांनी करता येतं ते एका बोटाच्या साध्या स्पर्शानंही करता यायला हवं. अक्षर दुपटीपर्यंत मोठं करता आलं पाहिजे हा नियम तर त्याहूनही जुना. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत: ज्याला दुसरं बोट वापरायचं आहे त्याला अडवू नका, ज्याला वापरता येत नाही त्याला सक्ती करू नका. आपले निर्णय नेमके उलटे असतात. वाचायच्या पानावर दुसऱ्या बोटाला बंदी, आणि नकाशावर त्याच्याशिवाय हलता येत नाही.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. सरकारी संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टी गमावलेल्या माणसांना केवायसी करता येत नव्हतं म्हणून न्यायालयात जावं लागलं, तेव्हा हे मिळालं. निकाल वर्तमानपत्रांत छापून आला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसांमध्ये तीच टेम्प्लेटं पुन्हा उघडली गेली.

म्हणून माझी मागणी आहे ती पैसे देणाऱ्यांकडे. पतसंस्था असो, नगरपालिका असो की विद्यापीठ, वेबसाइटच्या निविदेत दोन अटी घाला. प्रत्येक पान दोन बोटांनी किमान दुप्पट मोठं झालं पाहिजे, आणि दोन बोटांचं प्रत्येक काम एका बोटानंही झालं पाहिजे. काम ताब्यात घेताना कंत्राटदाराचं सादरीकरण लॅपटॉपवर बघत बसू नका. बिलावर सही करणाऱ्यानं खिशातला स्वतःचा फोन काढावा, ते पान उघडावं, बोटं फाकवावीत. पान हललं नाही तर बिल अडवावं. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, तुम्हाला निविदेची वाट बघायची गरज नाही. आज कामावर गेलात की सगळ्या कोडमध्ये ‘युझर-स्केलेबल’ आणि ‘मॅक्झिमम-स्केल’ शोधा, सापडेल तिथं खोडा, आणि संध्याकाळच्या आत प्रॉडक्शनवर टाका. मॅनेजरनं विचारलं की परवानगी कुणाची, तर त्याच्याच आईच्या फोनवर ते पान उघडून त्याच्या हातात द्या.